दूध नको म्हटलं की पक्ष विचारतात

(व्हिडिओ सुरू. रात्र. गल्ली, नळ, मोटरीचा आवाज)

पावणेतीन वाजलेत आणि सोलापुरातली आमची अख्खी गल्ली जागी आहे, कारण आज पाण्याचा वार. चार दिवसांनी येतं, कधी पाच. आधी टाकी, मग बॅरल, मग घागरी, कळशी, आणि सगळ्यात शेवटी चहाचं पातेलं. उजनी भरलं की पेपरात फोटो येतो, दरवाजे उघडलेले, फेसाळलेलं पाणी, 117 टीएमसीचं धरण, आणि इकडं आई तोटीला फडकं बांधून बसलीये. 2023 च्या जूनमध्ये विमान नीट उतरावं म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, दोन वर्षांनी विमान गोव्याला उडालं पण, चांगलं झालं, पाण्याचा वार मात्र आहे तिथंच आहे. नगरसेवकांना विचारायचं तर त्यांची मुदत 2022 च्या मार्चमध्येच संपली होती, पुढं 2026 ची निवडणूक होईस्तोवर प्रशासकच होता.

तर अशा मूडमध्ये माणूस चहा प्यायला जातो.

(टपरी)

हे आमचे टपरीवाले मामा. मला लांबून बघितलं की कोरा टाकतात, वर लिंबू. सहा वर्षं झाली मी दूध, दही, तूप, अंडी, मटण, मध, काहीच खात नाही. ह्याला व्हीगन म्हणतात, शब्द 1944 ला इंग्लंडात निघाला, पण टपरीवर त्याला अजून मराठी नाव सापडलेलं नाही. पहिल्या वर्षी सगळे विचारायचे, डॉक्टरनं बंद केलंय का? नाही म्हटलं. मग एकानं विचारलं, "दूध पीत नाहीस, मग कुठल्या पार्टीचं काम करलालास बे?"

हसू नका, खरंच विचारलं. मटण सोडलं म्हटलं की मला एका बाजूचा धरतात, लगेच पाठीवर थाप, वा वा, संस्कार. त्याच माणसाला सांगितलं की तूपपण सोडलंय, की थाप मागं. मग मी दुसऱ्या बाजूचा, देवाधर्माचं वावडं असलेला. माझ्या ताटावरून माझं मत काढतात आणि मला स्वतःला गेल्या तीन निवडणुका कुणाला द्यावं ते कळेना झालंय.

(चौक. फ्लेक्स. दुग्धाभिषेक)

हा शॉट जरा बघा. साहेबांचा वाढदिवस आहे. पिशवीचं तोंड दातानं फाडलं, धार थेट कपाळावर, मग चष्मा, मग मिशा, मग खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, सगळे न्हाऊन निघाले. फ्लेक्सच्या कडेनं धार गटारीत, आणि तिथं ते काळं कुत्रं, बघा, त्याचं बरं चाललंय. आमच्या एका फ्रेममध्ये बावीस रिकाम्या पिशव्या मोजल्या. आणि दूध वाया घालवतोस म्हणून मला ऐकवतात हेच लोक, मी तर विकतच घेत नाही!

भाव पडला की शेतकरी पण हेच करतात, रस्त्यावर ओततात, त्यांचं दुःख खरं आहे. 2018 च्या जुलैत राज्यभर टँकर अडवले होते, मागणी लिटरमागं पाच रुपये अनुदानाची, आणि 2024 लाही विषय पाच रुपयांचाच. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला सरकारनं देशी गाय राज्यमाता केली, गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला पन्नास रुपये. पण इथली डेअरी जिच्या जिवावर चालते ती जर्सी आणि होल्स्टिन, ती त्यात नाही. तिला झालेला गोऱ्हा तर कुठल्याच योजनेत नाही, दूध देत नाही ना तो. त्याचं पुढं काय होतं हे दाखवायचं होतं, पण गोठ्यात कॅमेरा नेऊ दिला नाही.

(मावशींचं अंगण. चूल, उखळ)

हे मात्र निवांत बघा, इथं आम्ही अख्खा दिवस होतो. ह्या शेजारच्या मावशी, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, चुलीशी दोन्ही. शेंगदाणे मंद जाळावर, हलवत राहायचं, साल काळं पडलं तर घाण कडू. गार झाले की हातानं चोळायचे आणि सुपात पाखडायचे, हे साल उडतंय बघा उन्हात. मग उखळात दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. मिक्सरला लावलं की पीठ होतं, कुटल्यावर दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा बसतो. आवाज ऐका. आधी कोरडा खणखण येतो, तेल सुटलं की धप धप, मावशी बघतपण नाहीत, आवाजावरनं थांबतात.

सोबत कडक भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीची, पातळ थापलेली, भाजून झाल्यावर परत मंद विस्तवावर ठेवायची, पाणी पार उडेस्तोवर, म्हणजे कितीतरी दिवस टिकते. चटणीवर लोक दही घेतात, मी कच्चं करडईचं तेल. मावशींना सांगितलं की ह्या ताटात जनावराचं काहीच नाही, शहरात ह्याला व्हीगन थाळी म्हणून विकतात. त्या म्हणाल्या, "आमच्यात ह्याला पगाराच्या आधीचा आठवडा म्हणतात."

मध्ये माझं व्हिटॅमिन बी-12 कमी निघालं, गोळी चालू आहे. सगळ्यांनी दूध सोडलं तर गोठेवाल्यांनी काय करायचं हा प्रश्नही लोक विचारतात, बरोबर आहे. पुढं जाऊ.

(परत टपरी)

साध्या दुधाला जीएसटी शून्य आणि सोया दुधाला 12, बदाम-ओटवाल्यांना 18 टक्के, असं 2025 च्या सप्टेंबरपर्यंत होतं, आता पाच आहे. पाच झालं तरी ते डबे आपल्याला परवडत नाहीत. म्हणून मी घरीच शेंगदाणे रात्रभर भिजवून वाटले, फडक्यातनं गाळले आणि बाटली घेऊन टपरीवर गेलो. मामा म्हणाले आण, बघू तरी. आलं, साखर, पत्ती, उकळी आली, वर माझं दूध. अर्धा मिनिट रंग एकदम झकास. मग कडेनं गुठळ्या.

"फाटला की बे! युती तुटल्यासारखा."

सगळी टपरी हसली, मी पण. मामांनी पातेलं गटारीत पालथं केलं आणि अर्ध्याच तांब्यात धुतलं, पाण्याचा वार अजून दोन दिवसांवर होता. मग न विचारता कोरा टाकला.