यादी आधी, डाउनलोड नंतर

नमस्कार मंडळी. आज इथे दादरला बरेचजण ग्रंथालयांतून आणि स्थानिक इतिहासाचं काम करणाऱ्या गटांतून आले आहेत, म्हणून उदाहरण तुमच्याच टेबलावरचं घेतो. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासाबद्दलचे शासन निर्णय जमवायचे आहेत. शे-दोनशे पीडीएफ. लिंक उघडायची, सेव्ह करायची, नाव द्यायचं, की पुढची लिंक. संध्याकाळपर्यंत फोल्डर भरतं. मग कुणीतरी विचारतं, यातली एखादी राहिली तर नाही ना? आणि ते कुणालाच सांगता येत नाही.

बॅच स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची साधी फाइल, लिहायची ती या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून. वेळ वाचतोच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की काय मागवलं, काय आलं आणि काय आलं नाही, याची नोंद मागे राहते. ग्रंथालयात पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढतं, त्याला दाखल अंक मिळतो, मग ते कपाटात जातं. उतरवलेल्या फाइलींनाही हीच शिस्त हवी.

साधनं शोधायला लांब जायला नको. कर्ल हा पत्ता दिला की तिथली फाइल उतरवून देणारा प्रोग्राम स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा. चलनांचे दर आपोआप आणता यावेत एवढ्याशा गरजेतून ते काम सुरू झालं, आणि १९९८ पासून ते कर्ल या नावाने आहे. २०१८ पासून तो विंडोज १० मध्येच येतो, म्हणजे तुमच्या कचेरीतल्या संगणकावर बहुधा आहेच. दुसरा त्याच कामाचा डब्ल्यूगेट, क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी १९९६ च्या सुमारास केलेला, मंद आणि मधेच तुटणाऱ्या जोडणीवर टिकून राहील असा. मुंबईत व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते डायल-अप ज्यांनी वापरलंय त्यांना अशा साधनाची गरज समजावून सांगायला नको.

आता यादी. नोटपॅडमध्ये साधी टेक्स्ट फाइल करा. प्रत्येक ओळीत आधी तुमचा दाखल अंक, मग एक स्पेस, मग फाइलचा पत्ता. शासन निर्णयांच्या बाबतीत अंक तयारच मिळतो. निर्णयाच्या शेवटच्या भागात ‘त्याचा संकेतांक असा आहे’ म्हणून तारखेपासून सुरू होणारा लांबलचक आकडा छापलेला असतो, तोच घ्या. अंक असा मुळातूनच आलेला असला की पुढे दोन संस्थांचे संग्रह ताडून पाहणंही सोपं जातं.

पत्ते स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवा असं मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचं कारण मराठीत काम करणाऱ्यांनी नीट ऐकावं. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटमागे टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं, म्हणजे एकट्या ‘म’ची नऊ चिन्हं. ‘मुंबई’त म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच असतात, त्यांची होतात पंचेचाळीस. बॅच फाइलीत टक्क्याच्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. असा पत्ता तिथे सरळ चिकटवला तर विंडोज त्यातले टक्के गिळतं आणि भलतंच काही मागवतं. तिथे प्रत्येक टक्का दुप्पट लिहावा लागतो. पण पत्ता यादीच्या फाइलीतून ‘फॉर स्लॅश एफ’ या लूपने, म्हणजे एकेक ओळ घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या आज्ञेने, वाचला, तर त्याला धक्का लागत नाही. फक्त कर्लला देताना तो दुहेरी अवतरणात ठेवा, कारण पत्त्यातलं ‘आणि’चं चिन्ह (&) उघडं राहिलं की कमांड तिथेच तुटते.

फाइलीचं नावही पत्त्यावरून घेऊ नका. तीस चिन्हांचं मराठी शीर्षक त्या टक्क्यांच्या रूपात २७० चिन्हांचं होतं, आणि विंडोजची रूढ मर्यादा फोल्डरांची नावं धरून २६०. दाखल अंक हेच नाव द्या. शीर्षक नोंदवहीत राहू द्या, तिथे ते शुद्ध मराठीत शोधता येतं.

आता सगळ्यात घातक गोष्ट. सर्व्हरवर फाइल नसेल तर तो ‘सापडली नाही’ असं सांगणारं पान पाठवतो. कर्ल ते पान निमूटपणे तुमच्या नावाने, पीडीएफ म्हणून साठवतो. फोल्डरमध्ये मोजणी बरोबर येते, सगळं ठीक दिसतं, आणि दोन वर्षांनी एखादी संशोधक विद्यार्थिनी ती फाइल उघडते तेव्हा कळतं. तोवर मूळ संकेतस्थळाची रचनाही बदललेली असते. म्हणून कर्लला हायफन लहान एफ हा पर्याय द्यायचाच. मग ४०४ (‘सापडली नाही’) सारख्या उत्तराला तो अपयश मानतो आणि फाइल लिहीत नाही. पत्ता दुसरीकडे वळवलेला असेल तर त्याच्या मागे जाण्यासाठी हायफन मोठा एल.

तरीही काही संकेतस्थळं चुकीचं पान ‘सगळं ठीक’ असा २०० क्रमांक लावून पाठवतात. त्यावर उपाय म्हणजे फाइलीचं तोंड पाहणं. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही तीन अक्षरं असतात. ती नसतील तर ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि नोंदवहीत तसं लिहा.

नोंद लिहितानाही विंडोजची एक खोड आहे. लूपच्या कंसात टक्क्यांमध्ये एररलेव्हल, म्हणजे आधीची कमांड फसली का ते सांगणारा आकडा, लिहिलात, तर अख्खा कंस एकदाच वाचला जात असल्याने लूप सुरू होण्याआधीचीच किंमत शेवटपर्यंत मिळत राहते. म्हणजे सगळं फसलं तरी नोंदवहीत ‘आली, आली, आली’. त्याऐवजी ‘इफ एररलेव्हल १’ असं टक्क्यांशिवाय लिहा. ते दर फेरीला ताजी किंमत पाहतं.

नोंदीत दाखल अंक, पत्ता, दिनांक-वेळ, निकाल आणि फाइलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, असावा. विंडोजमधली सर्टयूटिल ही कमांड तो काढून देते. ६४ चिन्हांचा ठसा, फाइलीत एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी पार वेगळा येतो. इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं उतरवणार असाल तर तिथे प्रत्येक फाइलीचा एमडी५ आणि एसएचए-१ ठसा आधीच दिलेला असतो. तो पडताळून पाहा.

मोठ्या फाइली मधेच तुटतात. कर्लमध्ये हायफन मोठा सी हायफन, डब्ल्यूगेटमध्ये हायफन लहान सी दिलं की राहिलेल्या बाइटपासून पुढे मागणी जाते. सर्व्हरला ते जमत असेल तर उत्तर २०६, म्हणजे ‘फाइलीचा भाग’, येतं. जमत नसेल तर कर्ल ३३ ही चूक दाखवून थांबतो; अशी फाइल पहिल्यापासून उतरवायची.

आणि समोरच्या सर्व्हरचा विचार करा, हे मी कळकळीने सांगतो. सरकारी किंवा छोट्या संस्थेचा सर्व्हर त्याच वेळी एखाद्या नागरिकालाही उत्तर देत असतो. दोन फाइलींमध्ये टाइमआउट कमांडने काही सेकंद थांबा, कर्लच्या लिमिट-रेट या पर्यायाने वेग आवरा, रात्री चालवा. ४२९ हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ तुम्ही फार वेळा मागताय, तिथेच थांबायचं. स्वयंचलित प्रोग्रामांनी काय घेऊ नये हे संकेतस्थळ जिथे सांगतं ती रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४ पासूनचा संकेत आहे, ती आधी वाचा. कॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूस आहात का ते तपासणारं कोडं, असेल तर तो चुकवायच्या वाटेला जाऊ नका, त्या कार्यालयाला पत्र लिहून फाइली मागा.

कायद्याचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली आहे. छापील प्रत नसेल तर ही सवलत गृहीत धरू नका.

चहानंतर संगणकांवर बसू. तोवर प्रत्येकाने आपल्या विषयाच्या दहा ओळींची यादी करा, आणि त्यात एक पत्ता मुद्दाम चुकीचा घाला. तो नोंदवहीत ‘आली नाही’ म्हणून उमटला, की मगच यादी पुढे वाढवायची.