जेलात राहून दहावी-बारावी: फॉर्म नंतर, आधी टीसी

नमस्कार राजेहो! मागचा व्हिडिओ पीकविम्याचा होता, पण खालच्या कमेंट वाचा. "दादा, भाऊ अमरावती जेलात आहे, त्याची दहावी होईन का?" "पोराचे पप्पा नागपूरले आहेत, बारावी कराची म्हनतात." असे इतके जण विचारत आहेत, की आज दुसरा विषय घेतच नाही.

होते. कच्चा कैदी असो, म्हणजे खटला अजून चालू असलेला, की शिक्षा लागलेला पक्का, शिकता येतं. दहावी-बारावी बोर्डाच्या सतरा नंबरच्या फॉर्मनं, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून. पुढची पदवी इग्नूतून, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. इग्नूत बंद्यांना फी माफ आहे. अर्ज बंद्यानं आतूनच करायचा, तुरुंगातल्या शिक्षकाला नाहीतर अधिकाऱ्याला सांगून. झालं, एवढं सोपं आहे.

अडतं ते टीसीवर. शाळा सोडल्याचा दाखला! सतरा नंबरच्या फॉर्मला मूळ दाखला लागतो. मूळ हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत काढा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. झेरॉक्स चालत नाही. आणि हा दाखला आत बसलेला माणूस आणू शकत नाही, तो तुम्हालाच आणावा लागतो.

माझ्या दुकानात कापूस वेचणीच्या दिवसात एक मावशी आल्या होत्या. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. पिशवीत दोषारोपपत्राची प्रत होती, जामिनाचा नामंजूर झालेला अर्ज होता, आधार होतं, पोराचा लहानपणीचा फोटोसुद्धा होता. टीसी नव्हती. शाळेत गेल्या तर उत्तर मिळालं, "ज्याची टीसी त्यानंच यावं." अहो, तो कसा येईल? मला त्या दिवशी फार राग आला, आजही येतो. अशा वेळी बंद्यानं घरच्या माणसाच्या नावानं अधिकारपत्र लिहून द्यायचं, त्यावर तुरुंग अधिकाऱ्याची सही-शिक्का मागायचा आणि ते शाळेच्या अर्जाला जोडायचं. तोंडी बोलून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आता तीच टीसी दुसऱ्या बाजूनं पाहा. कोणत्या शाळेची? आपल्याकडं पोरगं चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेत, मग आश्रमशाळेत, मग मायबापासोबत वीटभट्टीवर. घरच्यांना शेवटची शाळा आठवत नाही. दाखला शेवटच्या शाळेतूनच निघतो. म्हणून पुढच्या मुलाकातीला, नाहीतर ई-मुलाकातीत, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या भेटीत, वकिलाच्या गोष्टी सुरू करण्याआधी त्याला विचारा: शेवटची शाळा कोणती, वर्ग कोणता, साल अंदाजे कोणतं. साल माहीत असलं की दाखलखारीज रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, नाव लवकर सापडतं.

तिसरी बाजू नावाची. दाखल्यावर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानु, कोर्टाच्या कागदावर वडिलांचं नावच वेगळं. दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून नाव आणि जन्मतारीख वाचा. शाळा सोडलेल्या माणसाचं नाव मुख्याध्यापक आपल्या मनानं बदलू शकत नाहीत. फरक असेल तर तो आत्ताच तुरुंगातल्या शिक्षकाला कळवा, परीक्षेच्या तोंडावर नको.

एक कमेंट आहे: "गुन्हेगारांना शिकवून काय फायदा, आमची पोरं बेकार बसली आहेत." भाऊ, तुमच्या पोरांचं दुःख मला कळतं, माझ्या गावात घरोघरी तेच आहे. पण देशातल्या तुरुंगांत चारपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांचा निकालच लागलेला नाही. आणि शिक्षा लागलेला माणूसही सुटला की आपल्याच गावच्या पारावर येऊन बसणार आहे. तो हातात काही घेऊन यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी कमेंट: "पास झाल्यावर किती दिवस माफी?" शिक्षेत सूट देण्याची तरतूद आहे, पण ती पक्क्या कैद्यासाठी. कच्च्याला शिक्षाच लागलेली नाही, तर सूट कशातून देणार? दिवसांचा हिशेब करून कोणाला अभ्यासाला बसवू नका. आधी टीसी आणा.

वकिलाच्या फीपायी शिक्षण थांबवलं असं एका ताईनं लिहिलं आहे. ताई, तुरुंगात असलेल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. प्रतिज्ञापत्र कसं करायचं तेही तिथं विचारता येतं.

आणि घरी लेकरं असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या. आई किंवा वडील तुरुंगात असलेली मुलं त्यात बसतात, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्या अर्जाला काय काय कागद लागतात ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर कोणत्या शाळेनं टीसी अडवली असेल तर शाळेचं नाव न घेता खाली लिहा, काय कारण दिलं तेवढं सांगा.