साथीत रुग्ण तपासायचे, पण कोणत्या डॉक्टरांनी?

नमस्कार. महासाथीत डॉक्टरांना रुग्ण नाकारता येतो का, हा प्रश्न २०२० मध्ये मुंबईतल्या घराघरांत विचारला गेला, कारण नाक्यावरच्या दवाखान्याचे शटर खाली होते आणि पालिकेच्या रुग्णालयात खाट मिळत नव्हती.

नियमांपुरते उत्तर फारसे अवघड नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार कोणावर उपचार करायचे हे ठरवण्याची डॉक्टरला मुभा आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी त्याने मदतीला जावे आणि हाती घेतलेला रुग्ण वाऱ्यावर सोडू नये. साथीबद्दल तर त्याच संहितेत स्पष्टच म्हटले आहे, की स्वतःला लागण होईल या भीतीने डॉक्टरने कर्तव्य सोडू नये. म्हणजे एरवीची मुभा साथीच्या काळात बरीच आकसते. मला हे योग्य वाटते. ज्या ज्ञानासाठी समाज एखाद्याला मान आणि सरकारी महाविद्यालयात जागा देतो, ते ज्ञान नेमके गरजेच्या वेळी कडीकुलपात ठेवता येत नाही.

मुंबईला याची जुनी ओळख आहे. १८९६ मध्ये मांडवीत गाठीच्या प्लेगचे निदान करणारे डॉ. अकाशियो व्हिएगस, लोक शहर सोडून निघाले असताना, त्याच वस्तीत रुग्ण तपासत राहिले. मात्र पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन ज्यांचा मृत्यू झाला, त्या सावित्रीबाई फुले डॉक्टर नव्हत्या. साथीचा भार डॉक्टरांबरोबर परिचारिका, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगारही उचलतात. आपली चर्चा मात्र बहुतेक वेळा डॉक्टरांपाशीच थांबते.

खरा पेच इथून पुढे आहे. कर्तव्य सगळ्या वैद्यक व्यवसायाचे असले, तरी २०२० च्या पहिल्या महिन्यांत त्याचा मोठा वाटा पालिकेच्या रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांवर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता तिथेच काम करणाऱ्या डॉक्टरांवर आला. पदवी हातात पडायची असते, त्यामुळे नकार देण्याची सोय त्यांना जवळजवळ नसतेच. पीपीई किट एकदा अंगावर चढवले की ड्युटी संपेपर्यंत पाणी प्यायचे नाही, शौचालयात जायचे नाही. गॉगलच्या आत वाफ धरते, आणि सगळे सारखेच दिसत असल्याने पाठीवर मार्करने नाव लिहावे लागते. त्याच शहरात अनेक ज्येष्ठ तज्ज्ञ घरून फोनवर सल्ला देत होते. वय आणि मधुमेह ही त्यामागची खरी कारणे असू शकतात. पण सर्वांच्या बाबतीत तीच होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मे २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतील खासगी डॉक्टरांना किमान १५ दिवस कोविड सेवा सक्तीची केली. पंचावन्नच्या पुढचे आणि आजारी डॉक्टर वगळले. हुकूम न पाळल्यास परवाना जाण्याची तंबी दिली. तत्त्व बरोबर होते, पण साथ ऐन भरात आल्यावर पाळ्या लावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. धारावीत त्याआधीच वेगळा मार्ग दिसला होता: पालिकेने संरक्षक साधने पुरवली आणि स्थानिक खासगी डॉक्टर दारोदार जाऊन ताप तपासू लागले. कर्तव्य मागणाऱ्याने आधी काय द्यावे, ते तिथे दिसले. ती साधने म्हणजे डॉक्टरांवरचे उपकार नव्हेत. कर्मचाऱ्यांनाच लागण झाल्यामुळे एप्रिलमध्ये शहरातील काही खासगी रुग्णालये बंद ठेवावी लागली आणि बाकीच्या रुग्णांचेही हाल झाले.

सरकारने आपली बाजू किती सांभाळली, हे पाहायचे तर विम्याचे प्रकरण पाहावे. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले. नवी मुंबईत एका खासगी डॉक्टरांना दवाखाना सुरू ठेवण्याची नोटीस महापालिकेने दिली. त्यांनी तो सुरू ठेवला आणि कोविडने त्यांचा मृत्यू झाला. पत्नीचा दावा मात्र नाकारला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये तो मान्य केला नाही, कारण ती नोटीस म्हणजे त्यांची सेवा कोविडसाठी सरकारकडे घेण्याचा आदेश नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये खासगी डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. तरीही साथीची सेवा करतानाच मृत्यू झाला, हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी कुटुंबांवरच आहे.