जाळरेषा नेमकी कुठे ओढायची?

श्रोतेहो, नमस्कार. ऐकता ऐकता मनगटावर दोन बोटं ठेवा. ठोके सारख्या अंतरानं लागत असतील. काहींच्या नाडीला मात्र तालच उरत नाही. डॉक्टर त्याला अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरतात. तिथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली, की पक्षाघात.

हे होतं कसं? उन्हाळ्यात डोंगराला लागलेला वणवा आठवा. आग जळल्या जागी परत येत नाही, कारण तिथे गवतच उरलेलं नसतं. हृदयातली विजेची लाट अशीच सरकते. पण इथलं गवत सेकंदाच्या आत पुन्हा उगवतं! वाटेत जुना वण लागून लाट रेंगाळली, की तेवढ्यात मागचं रान हिरवं होतं. मग ती मागे वळते आणि भोवऱ्यासारखी गरगरत राहते. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञानं आर्तुरो रोझेनब्लूएथ यांच्यासोबत 1946 मध्येच अशा लाटांचं गणित मांडलं होतं.

वणव्यावर वनखात्याचा उपाय म्हणजे जाळरेषा, आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. डॉक्टरही तेच करतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन रेघेरेघेनं स्नायू भाजतात, हे अ‍ॅब्लेशन. 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. मिशेल हायसागेर यांच्या गटानं दाखवलं, की ठिणग्या बहुतेकदा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. तेव्हापासून रेघ तिथेच ओढली जाते. मुरलेल्या आजारात मात्र ती अनेकदा पुरत नाही. वण प्रत्येकाचे वेगळे, रेघ सगळ्यांना एकच. हे मला तरी सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा दिल्यासारखं वाटतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया त्रायानोव्हा या संशोधिकेनं इथे गणित आणलं. रुग्णाच्या एमआरआयवरून वणांसकट त्याचंच हृदय संगणकात उभं करायचं. प्रत्येक पेशीत वीज कशी चढते-उतरते, ते समीकरणं सांगतात. त्यांचं मूळ हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांच्या 1952 च्या कामात, तेही म्हाकुळाच्या मज्जातंतूवर केलेल्या! ती हृदयाला लावली डेनिस नोबल यांनी, 1960 मध्ये.

मग या हृदयात जागोजागी मुद्दाम ठिणग्या टाकायच्या. भोवरा दिसला, की तिथे रेघ ओढायची आणि पुन्हा पेटवून पाहायचं. खरी गंमत इथेच आहे. पहिली रेघ ओढल्यावर कधी कधी असा भोवरा उठतो, जो आधी नव्हताच. खऱ्या शस्त्रक्रियेत तो कळतो महिन्यांनी, रुग्ण परत आल्यावर. संगणकात मात्र भोवरे संपेपर्यंत हे चालू ठेवता येतं आणि त्या रेघांचा नकाशा डॉक्टरांच्या हाती देता येतो.

2019 मध्ये त्रायानोव्हा यांच्या गटानं अशा नकाशांवरून 10 रुग्णांवर केलेल्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकालाच पुन्हा टेबलावर यावं लागलं. अर्थात, दहाजण म्हणजे फारच थोडे. रूढ पद्धतीशी थेट तुलना करणारी मोठी चाचणी घ्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं परवानगी दिली, ती त्यासाठीच.