रूबेचं घर: एक आई, तीन मुलं आणि बोनमॅरो

[पांढऱ्या पडद्यावर कागदी बाहुल्यांच्या सावल्या]

आबेल आणि ज्युनों यांचं लग्न झालं. पहिला मुलगा झोसेफ, त्याच्या पाठीवर एलिझाबेथ. झोसेफला लहानपणीच रक्ताचा दुर्धर आजार जडला. त्याला दुसऱ्याचा बोनमॅरो, म्हणजे हाडांच्या आतली मज्जा, मिळाला तरच आशा होती. आईचा जुळेना, वडिलांचा जुळेना, बहिणीचाही जुळेना. म्हणून त्यांनी आणखी एक मूल होऊ दिलं. हा आंरी. त्याचाही जुळला नाही. झोसेफ गेला. मग काही वर्षांनी इव्हान जन्मला.

फ्रेंच दिग्दर्शक आर्नो देप्लेशां यांच्या ‘अं कोंत द नोएल’ या चित्रपटाची ही सुरुवात. इंग्रजीत तो ‘अ ख्रिसमस टेल’ म्हणून ओळखला जातो. तो 2008 साली कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. लांबी अडीच तासांची. एवढ्या वेळात घडतं काय, तर एक कुटुंब नाताळासाठी आईवडिलांच्या घरी जमतं. पण त्या सावल्यांमधून एक गोष्ट सुरुवातीलाच कळून चुकते. आंरी ज्या कामासाठी जन्माला आला, ते काम त्याच्या हातून झालं नाही. यात त्याचा काडीचा दोष नाही, आणि तरीही त्या घरात तो आयुष्यभर थोडा नकोसाच राहिला.

[विटांची घरं, जुन्या गिरणीची चिमणी]

हे घर रूबे या गावात आहे. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांनी गजबजलेलं, हजार चिमण्यांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणगाव ओस पडतं म्हणजे काय होतं, हे मुंबईत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. देप्लेशां यांचा जन्म इथलाच, 1960 चा. चित्रपटातल्या आबेलचा धंदा कापड रंगवण्याचा. घर मोठं, दुमजली, पुस्तकांनी भरलेलं. बरे दिवस पाहिलेल्या माणसांचं घर, हे खोल्या बघूनच समजतं.

आणि या घरात आता आई आजारी आहे. ज्युनोंच्या भूमिकेत कॅथरीन दनव. निदान होतं मायलोडिस्प्लेशिया. हाडांच्या आतली मज्जा रक्तपेशी बनवते खरी, पण त्या धड बनत नाहीत, आणि पुढे याचंच रूपांतर ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, होऊ शकतं. उपाय तोच, जो झोसेफला मिळाला नव्हता. दुसऱ्याचा बोनमॅरो.

इथे जरा थांबून विज्ञान समजून घ्यायला हवं, कारण या कथेची सगळी ताणाताण त्यातच आहे. आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या याच खुणा जुळाव्या लागतात. या खुणांचा शोध लावण्यात पॅरिसच्या झाँ दोसे यांचा मोठा वाटा. 1958 साली त्यांनी पहिली खूण ओळखली आणि 1980 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच 1958 मध्ये, पॅरिसमध्येच, जॉर्ज माते यांनी युगोस्लाव्हियातल्या अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सर्ग झालेल्या शास्त्रज्ञांना अनोळखी फ्रेंच दात्यांचा बोनमॅरो दिला होता.

माणसाला या खुणा अर्ध्या आईकडून मिळतात, अर्ध्या वडिलांकडून. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मुलाच्या खुणा आईशी पूर्ण जुळणं तर योगायोगच म्हणायचा, कारण त्यातला अर्धा भाग बापाचा असतो. नातवाचं जुळणं त्याहून दुर्मीळ.

चित्रपटात दोघांचं जुळतं. एक एलिझाबेथचा मुलगा पॉल, ऐन पौगंडात मनाच्या आजारानं घेरलेला. दुसरा आंरी.

[रेल्वे स्टेशन, बॅगा घेऊन उतरणारी माणसं]

पण आंरीला या घरात यायला बंदी आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा नाटकाचा धंदा बुडाला, कर्ज झालं, प्रकरण कोर्टात गेलं. एलिझाबेथनं पैसे भरले आणि अट घातली: यापुढे मला तुझं तोंड दिसता कामा नये, आईवडिलांच्या घरीसुद्धा नाही. आणि घरानं ते मान्य केलं! आईनं, बापानं, धाकट्या भावानं, कुणीही ठामपणे नाही म्हटलं नाही. मला चित्रपटातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते. बहिणीचा राग समजू शकतो. बाकीच्यांची मूक संमती गिळवत नाही.

फ्रेंच कायद्याला असली हद्दपारी माहीत नाही. नेपोलियनच्या काळात, 1804 साली आलेल्या दिवाणी संहितेनुसार मुलांचा वारसा राखून ठेवलेला असतो. तीन मुलं असतील तर आईवडिलांच्या मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग त्यांचाच, मृत्युपत्रात काहीही लिहा. म्हणजे कायद्यानं आंरी शेवटपर्यंत मुलगाच राहतो. फक्त जेवणाच्या टेबलावर त्याचं ताट नाही.

आता आईला त्याची गरज पडली आणि दार उघडलं.

आंरीची भूमिका माथ्यू आमालरिक यांची. हा माणूस बोलायला लागला की समोरच्याला जखम करतो आणि गप्प बसला की स्वतःला. एका प्रसंगात तो दारूच्या नशेत रस्त्यावर उभा असतो आणि तोल सावरायला हातसुद्धा पुढे न करता, तोडलेल्या झाडासारखा सरळ तोंडावर आपटतो. कॅमेरा हलत नाही. संगीत दुःखाची खूण करत नाही. एलिझाबेथ म्हणजे आन कोंसिन्यी. तिच्या चेहऱ्यावर कायम रडून झाल्यासारखं काहीतरी असतं. इव्हान, मेल्व्हिल पूपो, दोघांच्या मध्ये. त्याच्या बायकोच्या भूमिकेत कियारा मास्त्रोयानी, म्हणजे दनव यांची खरीखुरी मुलगी. पडद्यावर ती सून आहे.

[घरातली खोली, फळा, खडू]

एक प्रसंग मला विसरता येत नाही. एलिझाबेथचा नवरा गणितज्ञ आहे. प्रत्यारोपण केलं तर सासू किती काळ जगेल, नाही केलं तर किती, हे तो फळ्यावर खडूनं मांडतो. घरातले बघतात, प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवतात. एखाद्याला हे निर्दय वाटेल. मला उलट वाटतं. हॉस्पिटलच्या फायली घेऊन रात्री उशिरापर्यंत बसलेल्या घरांमध्ये हेच चालतं. टक्के, शक्यता, एका डॉक्टरचं मत, दुसऱ्याचं मत. काळजी व्यक्त करण्याची त्यांची भाषाच तेवढी उरलेली असते.

आणि धोका खरा आहे. नव्या मज्जेतून तयार झालेल्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परकं समजून त्याच्यावर हल्ला करू शकतात. त्वचा, यकृत, आतडी, काहीही सापडू शकतं. इथे देणारा कोण आहे ते आठवा. आईला नकोसा झालेला मुलगा. त्याच्या पेशी तिच्या शरीरात जाऊन तिच्यावर उलटल्या तर? दिग्दर्शकानं हा अर्थ मुद्दाम चिकटवलेला नाही, वैद्यकशास्त्रानंच तो त्याच्या हाती दिला आहे. चित्रपटामागे ‘ला ग्रेफ’ हे पुस्तक आहे. झाक आशेर आणि झाँ-पिएर झुए या लेखकांनी त्यात प्रत्यारोपणाच्या मानसिक बाजूचा विचार केला आहे.

[रात्र, अंगण]

अंगणात आई आणि मुलगा बसले आहेत. सिगारेट ओढताहेत. तो विचारतो, अजूनही माझ्यावर जीव नाही ना तुझा? ती म्हणते, कधीच नव्हता. तो म्हणतो, माझाही नाही. आवाज चढत नाही. दोघंही जवळजवळ हसताहेत. इतक्या वर्षांत त्यांच्यात झालेलं हे बहुधा सर्वांत मोकळं बोलणं असावं, आणि म्हणूनच ते इतकं जवळचं वाटतं. आईनं मुलावर प्रेम केलंच पाहिजे, मुलानं आईसाठी रडलंच पाहिजे, हे ओझं त्या अंगणात काही मिनिटांपुरतं खाली ठेवलं जातं. मज्जा मात्र तो देणार आहे.

या सगळ्यात आबेल आहे. झाँ-पोल रुसियों यांचा घोगरा आवाज, बुटका बांधा, सतत काहीतरी आवरणारे हात. एक मूल गमावलेला हा बाप कुणाचीच बाजू घेत नाही. सगळ्यांना वाढतो आणि भांडी घासतो. या भूमिकेसाठी रुसियों यांना 2009 मध्ये सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते गेले.

एलिझाबेथ भावाचा इतका द्वेष का करते? याचं उत्तर चित्रपट देत नाही. आंरी तिला पत्रात विचारतो, तीही स्वतःला विचारते, सापडत काहीच नाही. काही प्रेक्षक यावर चिडतात. पण ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं अबोला आहे, त्यांना विचारून बघा. प्लॉट, दागिने, लग्नातला मानपान, प्रत्येकजण एक कारण सांगेल, आणि सांगता सांगताच त्याला जाणवेल की एवढ्यानं हे झालेलं नाही.

देप्लेशां यांचंही समाधान झालं नसावं. 14 वर्षांनी, 2022 मध्ये, ‘फ्रेर ए सर’ म्हणजे ‘भाऊ आणि बहीण’ या चित्रपटात ते पुन्हा तिथेच गेले. पुन्हा एकमेकांचं तोंड न पाहणारी भावंडं, पुन्हा हॉस्पिटल. यावेळी आईवडील दोघेही अपघातात सापडलेले. बहीण मारियों कोतियार. आणि भाऊ? मेल्व्हिल पूपो. मागच्या वेळी दोघांच्या मध्ये उभा असलेला धाकटा इथे स्वतःच बहिणीच्या द्वेषाचा धनी झाला आहे.

[हॉस्पिटलची खोली]

ज्युनोंकडे परत येऊ. प्रत्यारोपण होतं. दात्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा सुईनं काढतात आणि रक्त चढवावं तशी ती रुग्णाच्या शिरेतून सोडतात. त्यानंतर नव्या पेशी रुजल्या की नाही, हे कळायला काही आठवडे लागतात, आणि पहिले शंभर दिवस डॉक्टर डोळ्यांत तेल घालून पाहतात. देप्लेशां तिथपर्यंत थांबत नाहीत. आई वाचली का, हे आपल्याला कळत नाही. बहीणभावाचं जमलं का, याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे: नाही.