सावली अजून सरकतेय

(एका छोट्या माहितीपटाचं निवेदन)

"सर, सावली आजून सरकी ऱ्हायनी!"

नववीतलं पोर ओरडतंय ते. चाळीसगाव तालुक्यातली शाळा, तारीख २० मार्च, आणि ऊन कसलं आहे ते दिसतंच आहे. ग्राउंडवर १ मीटरची काठी उभी केलीय, ओळंबा लावून, कारण काठी जरा जरी कलली तरी सगळा हिशोब बोंबलतो. पोरांची पैज होती की बरोबर १२ ला सावली सगळ्यात छोटी होणार, पण १२ वाजून गेले, १२:१० झाले, १२:२० झाले, थोड्याथोड्या वेळाने खडूची खूण पडतेय आणि सावली आपली आखडतेच आहे. डोक्यावर रुमाल बांधलेले ते गणिताचे सर, छत्रीखाली विज्ञानाच्या मॅडम. दोघं मुद्दाम गप्प.

दोघांचे तास जोडायचं खूळ आलं आलेखावरून. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम, त्यात आलेख, म्हणजे ते जूनमध्येच येणार. आणि अक्ष कुठला, निर्देशक म्हणजे काय, हे सांगणारी निर्देशक भूमिती गणित भाग २ मध्ये थेट सातवा धडा. मॅडम आलेख काढा म्हणायच्या तर पोरं विचारायची, कागद आडवा धरू की उभा? मॅडम स्टाफरूममध्ये वैतागल्या, सर म्हणाले तो धडा मी आधी घेऊन टाकतो. झालं. ना जीआर, ना ट्रेनिंग. मग तिथून हे लोण काठीपर्यंत आलं.

१२:३७. आता बघा, खूण मागच्या खुणेवरच पडली, आणि पुढची किंचित लांब.

घड्याळ चुकलं का? नाही. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर, चाळीसगाव आहे ७५ अंशावर. फरक साडेसात अंश, एका अंशाला ४ मिनिटं, झाली ३० मिनिटं. वरची ७ मिनिटं पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे, ते मॅडमनी मातीत काडीने काढून दाखवलं. हा गुणाकार गणिताचा की विज्ञानाचा, सांगा बरं.

सावली भरली ३७ सेंमी. वहीत १० सेंमीची उभी रेघ, ३.७ ची आडवी, कर्ण जोडायचा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजायचा. कुणाचा २०, कुणाचा २१. तोच आपला अक्षांश, कारण आज सूर्य विषुववृत्तावर आहे.

हे चाळीसगावजवळचे डोंगर पाटणादेवीचे, गौताळा अभयारण्यातले. इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचे चार भाग, लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. म्हणजे हिशोब आणि आकाश एकाच ग्रंथात! आपणच नंतर दोन तास पाडले, मध्ये घंटा ठेवली. विषुवदिनी दुपारी १२ अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जी सावली पडते तिला जुने लोक पलभा म्हणायचे. पोरांनी ३७ सेंमीवरून त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं जवळपास साडेचार अंगुळं.

(निवेदन नाही. फक्त वारा आणि मंदिराची घंटा.)

टाइमटेबल हललं, पोर्शन मागे पडला, जादा तास घेऊन भरून काढला.

आणि हे शेवटचे फोटो आम्ही काढलेले नाहीत. मेच्या २२ तारखेच्या आसपास चाळीसगावात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. शाळेला सुट्टी, मग पोरांनी आपापल्या घराच्या धाब्यावर तांब्या, बाटली, एकाने तर धाकट्या बहिणीलाच उन्हात उभं करून फोटो ग्रुपवर टाकले. खाली वेळ लिहिलीय, १२:२७.