साध्या सायकलीवर डोंगरवाट
(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इंदूरजवळच्या महूच्या पुढे विंध्याचा कडा सुरू होतो. पाताळपाणी, चोरल, जानापाव ही नावं आपल्या घरांत निघतात ती पावसाळी सहलीसाठी. तिथल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायची असं कोणी म्हटलं, की पहिला प्रश्न पैशांचा येतो. त्याला लाखाची सायकल लागते ना? माझं उत्तर ठाम आहे. लागत नाही.

माउंटन बायकिंग हा खेळच मुळी जुन्या सायकलींवर जन्मला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण 1930-40 च्या काळातल्या, जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्यानं खाली सोडत. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबायचं, एवढाच त्यांतल्या बऱ्याच सायकलींचा ब्रेक. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतरताना मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर नवं भरावं लागायचं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं 1977 मध्ये खास या कामासाठी सायकल बांधली, आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आज पंधरा-वीस हजारांच्या सायकलीला 21 गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि पुढे शॉकअप असतो. सुरुवात करायला एवढं पुष्कळ झालं.

पण तिच्या मर्यादा आधीच माहीत हव्यात. पुढच्या शॉकअपमध्ये बहुधा साधी स्प्रिंग असते. ती धक्का खाते, पण परत उसळतेही. मागच्या चाकाला बहुतेक वेळा फ्रीव्हील, म्हणजे हबवर पिळून बसवलेला दातेरी चक्रांचा संच, असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत बसतं, त्यामुळे एक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं, टोक आधाराविना राहतं आणि उंचावरून उडी मारली तर वाकतं. म्हणून या सायकलीवर उड्या नाहीत. खड्डे, मुरूम, दगडगोटे, चढ-उतार हे सगळं ती सोसते. याच किमतीत मागेही शॉकअप असलेली सायकल दिसेल. ती घेऊ नका. वजन वाढतं, आणि चढावर पायाचा जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जातो.

दुकानात रंग बघण्याआधी माप बघा. फ्रेमचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत आणि वर दोन-तीन इंच मोकळे उरले पाहिजेत. मुलगा वाढत्या वयाचा आहे म्हणून एक माप मोठी सायकल घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. रस्त्यावर ती खपून जाते. उतारावर मात्र तीच सायकल मुलाला आवरत नाही. या मुद्द्यावर पालकांनी माझं ऐकावंच, अशी मनापासून विनंती आहे. उरलेले पैसे हेल्मेटसाठी ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं.

आता हवा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही. आपले सायकलवाले टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरतात. डांबरी रस्त्यावर ते चालतं. मुरमावर टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, पकड सुटते आणि मनगटं दुखतात. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. कच्च्या वाटेवर किमान आकड्याच्या आसपास राहा. दोन इंची टायर, आत ट्यूब आणि मध्यम वजनाचा माणूस असेल तर तीस-पस्तीस पीएसआयच्या दरम्यान आपला आकडा सापडतो. पुढे किंचित कमी, मागे किंचित जास्त. फारच कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडभोकं दिसली तर हवा थोडी वाढवा.

ब्रेकचंही तसंच. नवी डिस्क पहिल्या दिवशी नीट धरत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, चाक घसरू न देता जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, पुन्हा वेग घ्या. असं पंधरा-वीस वेळा केलं की पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. चकतीला तेलाचा हात लावायचा नाही, चेनला तेल घालताना तर विशेष जपा. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे उतारावर घसरत जातात. दोन्ही हलके दाबा, आणि वेग वळणाच्या आधी कमी करा. सुट्या खडीवर वळता वळता ब्रेक मारला की सायकल खालून निसटते.

उतरताना सीट खाली करा. पेडल आडवी, जमिनीला समांतर, वजन पायांवर, गुडघे-कोपर सैल, आणि नजर जिथे जायचंय तिथे. ज्या दगडाकडे टक लावाल, त्यावरच चाक जातं. चढताना उलट. सीट वर, गिअर चढाच्या आधीच हलका, आणि सुट्या मातीवर बसूनच पेडल मारायचं. उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

आता आपला माळवा. पावसाळ्यात इथली काळी माती कणकेसारखी टायरला थापली जाते, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये भरते आणि चाक फिरणंच बंद होतं. तेव्हा जोर लावू नका, उतरा आणि काटकीनं खरवडा. घरी आल्यावर प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. बादली आणि फडकं पुरे. सुरुवात करायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, माती बसलेली असते आणि ऊन सोसवतं. बाभळीचे काटे मात्र बारा महिने असतात. जादा ट्यूब, टायर काढायची पट्टी आणि हातपंप जवळ नसेल तर गावाबाहेर जाऊच नका, आणि ट्यूब बदलायला घरीच शिकून घ्या.

पाणी माणशी दोन लिटर. अर्धं संपलं की परत फिरायचं, वाट कितीही छान असली तरी. शेताच्या बांधावरून जावं लागलं तर शेतकऱ्याला विचारा, आणि पेरलेल्या रानात चाक घालू नका. इंदूरजवळचं रालामंडल हे अभयारण्य आहे. तिथे सायकल नेता येईल का, हे फाटकावर विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही.